आत चालू असलेलं काम

गोरख आपल्या लेकीला, गिरिजाला, खांद्यावर टाकून थेट संशोधन संस्थेच्या गेटवर आला, तेव्हा त्याची बहीण आरोही उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली लावून बसली होती. वॉचमनचा फोन आला. "मॅडम, जुन्नरकडचे कोणी आलेत. भाऊ म्हणतात तुमचा. सोबत पोरगी आहे, बरी दिसत नाही."

आरोही धावतच खाली गेली. ती पुण्यात संशोधनाला लागल्यापासून गोरख कधी तिकडे फिरकला नव्हता. पिंपळवंडीचा ऊस, गाई, आणि चार वर्षांची गिरिजा, यांतून त्याला सवड नव्हती. आता तो गेटजवळच्या कट्ट्यावर बसला होता. गिरिजाचं छोटं डोकं त्याच्या मानेशी टेकलेलं. तिचं कपाळ भुवयांपासून मागे उतरत गेलं होतं. डोळे मात्र थेट आजीसारखे, मोठे आणि काळेभोर. ती बोलत नव्हती, धरल्याशिवाय बसत नव्हती, आणि अधूनमधून तिला झटके यायचे.

"दादा, फोन तरी करायचा."

"फोनवर तू नाय म्हनली असती."

आरोहीने दोघांना कँटीनमध्ये नेलं. गोरखने चहाला हात लावला नाही.

"आरू, तुज्याकडं त्या मूळ पेशी हायेत ना? मेंदूच्या?"

"आहेत. म्हणजे मी त्यांच्यावर काम करते."

"मंग हिला दी." त्याने मोबाईल पुढे केला. कुठल्यातरी शहरातला एक माणूस पांढरा कोट घालून सांगत होता, की मूळ पेशींची सुई दिली की मतिमंद मूल बोलायला लागतं. "आमी तिकडंच जानार व्हतो. पन समृद्धी म्हनली, घरात आपलं मानूस आसताना परक्याच्या दारात कशाला जायचं? म्हनून आलो."

समृद्धी म्हणजे गोरखची बायको आणि दोघांच्या मामाची मुलगी. लहानपणी सुट्टीत तळेघरला गेल्यावर ती आरोहीचं बोट सोडायची नाही.

"त्या उंदराच्या पेशी आहेत, दादा. आणि माणसाच्या मिळाल्या तरी गिरिजाला त्यांचा उपयोग नाही. तो व्हिडिओतला माणूस खोटं बोलतोय."

"का नाय उपयोग? मला समजंल आसं सांग. मी काय येडा नाय."

आरोहीने लॅपटॉप आणला आणि स्वतः चित्रित केलेली एक फिल्म लावली. पडद्यावर करड्या रंगाच्या लांबट पेशी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. प्रत्येकीचं एक टोक मेंदूच्या आतल्या पोकळीपाशी, दुसरं थेट बाहेरच्या कडेपर्यंत ताणलेलं. मधेच एखादीचा फुगीर भाग सरकत आतल्या कडेशी यायचा आणि तिथे तिच्या दोन पेशी व्हायच्या.

"ह्या मूळ पेशी. सुरुवातीला एकीच्या दोन होतात आणि दोन्ही मूळच राहतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ. नुसता साठा वाढवत जातात. साठा पुरेसा झाला की मग वेगळी वाटणी सुरू होते. दोघींतली एक मूळ राहते आणि दुसरीचा न्यूरॉन होतो. न्यूरॉन म्हणजे ज्या पेशीनं आपण विचार करतो, हात हलवतो ती. हा बघ, हा झाला."

एक ठिपका आपल्या आईच्याच लांब धाग्याला धरून वर वर सरकत चालला होता.

"दोराला धरून चढतोय जनू," गोरख म्हणाला.

"तसंच. वर जाऊन तो आपली जागा घेतो. मागून येणारा त्याच्याही पलीकडे जातो. असे थरावर थर बसतात. गिरिजाच्या वेळी बहुतेक ह्या पेशींनी घाई केली. साठा वाढायच्या आधीच त्या न्यूरॉन व्हायला लागल्या. मग मूळ पेशीच संपल्या."

गोरख पडद्याकडे पाहत राहिला. "म्हंजी लागवडीला ठेवलेला बेन्याचा ऊसच कारखान्याला घातला."

"हो दादा."

"मंग आता नवं बेनं आनून लावू की."

"आता ते दोरच नाहीत रे. हे सगळं काम पोटात चालतं आणि बहुतेक तिथंच उरकतं. आज तिच्या डोक्यात पेशी सोडल्या तर त्यांना कुठं जायचं तेच कळणार नाही. गाठ होईल, ताप येईल, जिवावर बेतेल. ती सुई देऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

गोरखने गिरिजाच्या ओठांवरची लाळ रुमालाने पुसली. मग खाली मान घालून म्हणाला, "समृद्धीला चौथा लागलाय."

आरोहीने लॅपटॉप मिटला.

"आईला म्हाईत नाय अजून. मला सांग, चौथ्यात हे काम चालू आसतंय का आत?"

"चालू असतं. जोरात चालू असतं."

"मंग आता दी काईतरी. हिचं झालं ते झालं. पन त्याचं तर आजून व्हायचंय ना? आता तर येळ गेली नाय ना?" त्याचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघू लागली. "एक गोळी, एक सुई, कायबी. त्या पेशींना म्हनावं दमानं घ्या. तू रोज बघती ना त्यांच्याकडं?"

"नाही दादा. असं औषध जगात कुणाकडेच नाही. आपल्याला फक्त तपासून कळू शकतं, त्यालाही तेच आहे का ते."

"बदलता नाय येत?"

"नाही."

"मंग तू शिकली काय एवढी वर्सं?"

तो रागाने बोलला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात समृद्धी पुण्याला आली. आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर बुशरा आरोहीच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी गिरिजाचं आणि आईवडिलांचं रक्त घेतलं, आणि वेळ हातातून जाऊ नये म्हणून लगेच समृद्धीच्या गर्भजलाचाही नमुना घेतला. सुई पोटात जाताना समृद्धीने आरोहीचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ हात हलवत होतं.

"डोस्कं केवढं दिसतंय?" तिने विचारलं.

"आत्ता ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण ह्या आजारात फरक उशिरा दिसतो. त्यावर विसंबू नका."

मग त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं. प्रत्येक माणसात शरीर घडवणाऱ्या प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागतं, म्हणून गोरख आणि समृद्धी दोघंही धडधाकट. पण दोघांकडे बिघडलेली प्रत एकाच आजोबा-आजीकडून आलेली असली, तर चारांत एका वेळी मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच येतात.

"म्हंजी नात्यातलं लगीन केलं म्हनून," समृद्धी हळूच म्हणाली.

"नात्याबाहेरही होऊ शकतं. नात्यात शक्यता वाढते. ह्यात दोष कुणाचाच नाही."

पण घरी सांगायचं कुणी? शेवटी आरोहीच पिंपळवंडीला गेली. आई, साळुबाई, गोठ्यात धारा काढत होती. आरोहीने तिला ओसरीवर बसवून सगळं सांगितलं, दुसऱ्या बाळाचं आणि तपासण्यांचंही. साळुबाई ऐकत राहिली आणि मग दोन्ही हातांनी कपाळ बडवायला लागली.

"मीच आनली गं तिला. भाऊ नको म्हनत व्हता, म्हनला पोरगी लहान हाय. मीच पदर पसरला. मला वाटलं, माज्या माह्यारचं मानूस घरात येईल, मला म्हातारपनी बघंल. म्या माज्याच हातानं नातीचं डोस्कं लहान केलं."

आरोहीने तिचे हात धरले. समृद्धी स्वयंपाकघरातून आली, सासूसमोर खाली बसली. "आत्या, गप ऱ्हा. मला तुमीच पायजे व्हता. तळेघरातून निघताना मी एकटीच नवरी आशी व्हते, जिला रडू आलं नाय."

साळुबाईला ते ऐकून जास्तच हुंदका फुटला.

निकाल येईपर्यंतचे दिवस कुणालाच धड गेले नाहीत. गोरख गिरिजाला कडेवर घेऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आला. तिथल्या गणपतीच्या आईवरून, गिरिजेवरून, तिचं नाव ठेवलं होतं; त्याच देवळात तो दगडी खांबाला टेकून बसला, आणि पुजाऱ्याने उठवेपर्यंत उठला नाही. समृद्धीने बाळाबद्दल बोलणं बंद केलं. ते हललेलं तिला जाणवायला लागलं होतं, ते तिने फक्त आरोहीला सांगितलं.

गोरख रोज दुपारी आरोहीला फोन करायचा. इकडचं तिकडचं बोलायचा आणि मग विचारायचा, "आरू, आज काय चाललं आसंल आत?"

पहिल्यांदा तिने टाळलं. पण तो ऐकेना, तेव्हा ती सांगायला लागली. आज खालचे थर बसत असतील. आज नवे न्यूरॉन जुन्यांना ओलांडून वर चढत असतील. काही जण लांबून, बाजूने चालत येत असतील, ते इतरांना आवर घालणारे. ती चांगल्या मेंदूत काय होतं तेच सांगायची. गोरख हुंकार देत ऐकायचा. एकदा म्हणाला, "एवढी गर्दी आन तरी वाट चुकत नाय कुनी?" ती म्हणाली, "बहुतेक नाही चुकत." फोन ठेवल्यावर तिला पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणं जमायचं नाही. तिच्या तबकडीतल्या उंदराच्या पेशी निमूट विभागत होत्या, एकीच्या दोन, एकीच्या दोन, आणि तिच्या भावजयीच्या पोटात तेच काम बिघडत होतं की सुरळीत चाललं होतं, हे जगातल्या कुठल्याही भिंगातून तिला दिसणार नव्हतं.

निकालासाठी डॉक्टर बुशरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा पाहताच समृद्धी खुर्चीवर न बसता भिंतीला टेकली.

"गिरिजाचं कारण सापडलं. आपल्याला वाटलं तेच," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बाळाकडेही दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्यात."

"परत तपासा," गोरख म्हणाला.

"परत तपासलंय, गोरखभाऊ. म्हणूनच दोन दिवस उशीर झाला."

"दुसऱ्या कुनाचं पानी आसंल. बाटली बदलली आसंल." तो उठून उभा राहिला. "मी पाया पडतो तुमच्या, परत एकदा तपासा." आणि खरोखरच तो खाली वाकला. डॉक्टर झटकन उठून मागे सरकल्या, त्यांचेही डोळे भरले होते. आरोहीने त्याला धरून उठवलं.

पुढचं डॉक्टरांनी समृद्धीला सांगितलं. बाळ ठेवता येईल. कायद्याच्या मुदतीत थांबवताही येईल. कुठलाही निर्णय चुकीचा नाही, आणि तो तुझा आहे.

घरी परतल्यावर साळुबाईने एकच विचारलं. "ह्याला काढायचं, तर मंग गिरिजाबी नको व्हती का तुमाला?"

गोरख ताडकन उठून बाहेर निघून गेला. समृद्धी गिरिजाचे पाय तेलाने चोळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"गिरिजा मला हवी हाय, आत्या. तिला कुनी नेतो म्हनलं तर मी त्याचा जीव घेईन. पन ती झटक्यात निळी पडते तवा मी काय बघते ते मला म्हाईत. आजून एका लेकराला ते भोगायला मी म्हाईत आसताना आनू? आन मी न गोरख गेल्यावर? दोघांना कोन उचलंल?" मग तिचा आवाज फाटला. "ते हलतंय वो आत. मी हे बोलतेय आन ते हलतंय."

साळुबाई उठली आणि सुनेला पोटाशी धरून बसली. त्यानंतर कुणी तिला काही विचारलं नाही.

गर्भ काढायच्या आदल्या संध्याकाळी पुण्यातल्या इस्पितळात समृद्धीने आरोहीला जवळ बोलावलं. "ताई, त्याचा काई उपेग व्हईल का? तू बघशील का त्याला, तुज्या मशीनीखाली? पुडं कुनाचं तरी बरं व्हईल."

आरोही सुन्न झाली. कारण क्षणभर, अगदी एक क्षण, तिच्यातल्या संशोधिकेला ते हवंसं वाटलं होतं. उंदरात जे पाहिलं ते माणसात असंच होतं का, हे पाहायला तिच्यासारखी माणसं जन्म घालवतात. तिला स्वतःची किळस आली. परवानग्या, समित्या, नियम, हे सगळं ती सांगू शकली असती. तिने सांगितलं ते एवढंच, "दुसऱ्या कुणाचं असतं तर विचारलं असतं. आपल्याच बाळाकडे मला तसं बघवणार नाही गं."

"मंग घरी न्यायचं त्याला," समृद्धी म्हणाली.

मुलगा होता. गोरखने त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून गावी आणलं आणि कुकडी नदीच्या बाजूच्या आपल्या शेतात बांधाकडेला खड्डा घेतला. त्याचा मित्र गेणभाऊ सोबत होता. कमरेएवढा झाला तेव्हा गेणभाऊ म्हणाला, "बास की आता." गोरख खणतच राहिला. उसात बिबट्या होता, आणि तो उकरेल ह्या एका विचाराने त्याचा हात थांबत नव्हता. शेवटी गेणभाऊने खड्ड्यात उतरून त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

त्यानंतर गोरखचे दुपारचे फोन बंद झाले. मोबाईलमधले ते सुईचे व्हिडिओ त्याने पुसून टाकले, असं समृद्धीकडून कळलं. समृद्धीला दूध यायला लागलं होतं आणि छातीला फडकं बांधून ती कामं करत होती. पुन्हा मूल नको, म्हणाली. त्यावर कुणी वाद घातला नाही.

महिनाभराने साळुबाईचाच फोन आला. "आरू, तू ये. मला तळेघरला जायचंय. एकटीनं जमायचं नाय."

समृद्धीची धाकटी बहीण पायल हिचं लग्न ठरत आलं होतं. साळुबाईची बहीण कोंडाबाई, तिच्या मुलाशी, सोपानशी. पुन्हा आत्याचाच मुलगा.

तळेघरला उतरून दोघी वाडीपर्यंत चालत गेल्या. भातखाचरांच्या बांधावरून साळुबाई पुढे, आरोही मागे. भाऊ बहिरू अंगणात नाचणी वाळत घालत होता. बहिणीला पाहून हसला, आणि तिने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"दोघांचं रक्त तपास, बहिरू. पोरीचं आन सोपानचं. मंग काय करायचं ते कर."

"माज्या पोरीत खोट काढायला आली? एकीला नेऊन तिचं वाटोळं केलं, आता दुसरीचं मोडायला आली व्हय?"

"खोट तिच्यात न्हाई. तुज्यामाज्यात हाय. आपल्या आय नायतर बापाकडनं आलेली. मी एक लेकरू मांडीवर घेतलंय आन एक बांधाला पुरलंय. आजून कुनी पुरू नये म्हनून आले."

"कोंडीला म्या शब्द दिलाय."

"शब्द माजाबी व्हता."

बहिरूने पाठ फिरवली आणि नाचणी पसरत राहिला. पाणीसुद्धा विचारलं नाही. साळुबाई थोडा वेळ उभी राहिली, मग आली तशी वळली. वाटेत ती रडली नाही. फक्त एकदा थांबून म्हणाली, "धाकटा हाय माजा. कडेवर घेऊन वाढवलाय."

दोघी सडकेला लागणार तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. पायल धावत येत होती, तोंडावर ओढणी बांधलेली, हात पिठाचे.

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "बाबांना सांगू नका. ते रक्त कुठं तपासत्यात?"

आरोहीने तिला नाव सांगितलं, फोन नंबर दिला, आणि सोपानलाही घेऊन ये म्हणाली.

"तो येईल," पायल म्हणाली. "बाळाचं कळलं तवा त्यानंच विचारायला सांगितलंय."

साळुबाईने भाचीचे पिठाचे हात आपल्या हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. दूर वळणावर एसटी दिसली, तरी तिने ते हात सोडले नाहीत.